दहा बाय बाराची खोली आणि डग्ग्याचा घिस्सा

शेजारच्या कुकरची शिट्टी, सकाळची घंटागाडी आणि डोंबिवली स्टेशनात शिरणाऱ्या लोकलचा भोंगा, या तिघांवर आपला इलाज चालणार नाही हे मान्य करूनच मी घरातल्या रेकॉर्डिंगच्या खोलीच्या कामाला हात घातला. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम आणि आत केलेला आवाज आत नीट वागतोय का ते पाहणं हे दुसरं. पहिल्याला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी हिशेबाने जेमतेम ६ डेसिबल पदरात पडतात. आवाज खरोखर अडवायचा तर खोलीत दुसरी खोली उभी करावी लागते, आणि तीही मूळ भिंतींना कुठे न टेकता. तिसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये, सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी काढून? तो विषय तिथेच मिटला. दुपारी दोन ते चार आणि रात्री साडेदहानंतर, असे रेकॉर्डिंगचे तास ठरवून टाकले आणि सगळे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवले.

माझं काम दोन तऱ्हेचं. एक, ऑडिओबुकचं वाचन. दुसरं, मित्रमंडळींच्या अभंगांचं, भावगीतांचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग. त्यात तबला हमखास असतो, आणि खोलीचा सगळा खोडसाळपणा डग्ग्यातच उघडा पडायचा. वादकाने मनगट घासत सूर खालून वर नेला की घिस्सा एका ठिकाणापर्यंत सरळ चढायचा, तिथे एकदम फुगायचा आणि पुढे गेल्यावर परत मूळ जागी यायचा. वादक म्हणायचा, "दाब तर मी सारखाच देतोय." देतच होता. तोच टेक हेडफोनवर ऐकला की घिस्सा गुळगुळीत, स्पीकरवर लावला की फुगवटा. स्पीकरवर विश्वास ठेवून तो फुगवटा कापला, की गाडीत किंवा दुसऱ्याच्या घरी डग्गा अगदी वाळून गेल्यासारखा वाजायचा.

याचं कारण कागदावरच सापडतं, त्याला उपकरण लागत नाही. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर दुप्पट करायचं आणि त्याने ११३० ला भागायचं; त्या दोन भिंतींमध्ये घुमणारी सगळ्यात खालची कंपनसंख्या मिळते. १२ फूट लांबीला ४७ हर्ट्‌झ, १० फूट रुंदीला ५६.५, साडेनऊ फूट उंचीला ५९.५. मग त्यांची दुप्पट : ९४, ११३, ११९. माझ्या खोलीची रुंदी आणि उंची जवळपास सारखी असल्यामुळे त्यांचे आकडे जोडीजोडीने येतात. त्यात आपण ऐकायला बसतो ते रुंदीच्या बरोब्बर मध्यावर, आणि खुर्चीत बसल्यावर कान जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर असतात, म्हणजे उंचीच्याही मध्याशी. मध्यावर पहिली लाट जवळजवळ नाहीशी होते आणि दुसरी पूर्ण जोरात असते. त्यामुळे ५७ ते ६० ला खड्डा आणि ११३ ते ११९ ला उंचवटा. पुरुषाच्या बोलण्याचा पायाचा सूर बहुधा १०० ते १३० च्या आसपास असतो, घिस्साही त्याच वस्तीतून जातो. म्हणजे माझी दोन्ही कामं नेमकी त्या उंचवट्यावर येऊन अडकत होती.

दुसरा त्रास टाळी वाजवली की ऐकू यायचा. पलंग आणि कपाट बाहेर काढल्यावर रिकाम्या खोलीत टाळी दिली तर मागून एक धातूसारखा 'झिंग' यायचा. दोन उघड्या भिंती एकमेकींकडे आवाज टोलवत राहतात, त्याचा तो नाद. दहा फुटांच्या अंतरात ही टोलवाटोलवी इतकी जलद होते की तिला स्वतःचा एक सूर येतो. तबल्याच्या बाबतीत हे फार लागतं. एरवी चामड्याच्या वाद्याचे वरचे नाद एकमेकांशी न जुळणारे असतात. तबल्यावर शाई असल्यामुळे ते पूर्ण पटींमध्ये येतात आणि वाद्य सुरात बोलतं. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये आपल्या तालवाद्यांबद्दल हेच मांडलं होतं. इतक्या मेहनतीने सुरात आणलेल्या 'ना' या बोलाच्या शेपटीला भिंतीने स्वतःचा भलताच सूर चिकटवायचा, हे काही खपवून घेण्यासारखं नव्हतं.

हिशेब बरोबर आहे का ते पाहायला 'रूम ईक्यू विझार्ड' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि एका मित्राकडून मोजणीचा माइक आणला. माइक माझ्या डोक्याच्या जागी, स्टँडवर. स्पीकरमधून २० हर्ट्‌झपासून २० हजारांपर्यंत चढत जाणारा एक लांब सूर निघतो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, भोंगा कसला वाजतोय?" पडद्यावरची रेघ पाहिली तर ५७ च्या जवळ खोल खड्डा, ९४ पासून चढण आणि ११५ च्या आसपास ९ डेसिबलचा डोंगर. त्या डोंगराचा आवाज विरायला अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ लागत होता. वरच्या सुरांचा घुमण्याचा काळ एक सेकंदाच्या आसपास.

आता फोमबद्दल. चौकोनी पिरॅमिडवाला काळा-लाल फोम ऑनलाइन भरपूर मिळतो, भिंतीवर दिसतोही झकास, आणि घरगुती स्टुडिओच्या फोटोंत तो नसेल तर लोकांना स्टुडिओ वाटतच नाही. पण ११३ हर्ट्‌झची लाट १० फूट लांब असते. भिंतीला अगदी लागून हवेचे कण हलूच शकत नाहीत. ते सगळ्यात जास्त हलतात भिंतीपासून पाव लाटेवर, इथे अडीच फुटांवर. आवाज शोषणारी वस्तू कणांची ही हालचाल अडवून काम करते, त्यामुळे भिंतीला चिकटवलेल्या एक इंची फोमला खालचा सूर भेटतच नाही. तो फक्त वरचे सूर खातो. खोली भरून फोम लावला की झिंग जातो, 'स' आणि 'श' मरतात आणि डग्गा होता तसाच फुगलेला राहतो, उलट आणखी उठून दिसतो. अंड्यांच्या ट्रेचंही तेच, त्यांच्याने तर फोमइतकंही होत नाही. शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि विषारी धूर सोडतो. वायरींच्या जंजाळाशेजारी मला तो नको होता.

तेव्हा ठरलं ते असं : जाडी चार इंच, मागे जिथे जमेल तिथे आणखी चार इंच पोकळी, आणि सामान रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंचं लोकरीसारखं सामान. आम्हा डोंबिवलीकरांचा यात एक फायदा. एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत, आणि बॉयलर आणि वाफेच्या पायपांना गुंडाळायला रॉकवूल लागतं, त्यामुळे ते विकणारे इथे आहेत. मी गेलो त्या दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "टेंपरेचर किती?" मी म्हटलं, "घरातलंच. पंखा बंद केला की जरा जास्त." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, पण माल दिला. घनमीटरला ४८ किलो घनतेच्या, १२०० बाय ६०० मिलिमीटरच्या, ५० मिलिमीटर जाडीच्या पाट्या. दोन एकावर एक ठेवल्या की चार इंच. ६४ आणि ९६ किलोच्याही होत्या. जड म्हणजे चांगली असं इथे नसतं. जाड पॅनेलमध्ये फार घट्ट माल भरला तर खालचा सूर आत शिरायच्या ऐवजी परत फिरतो. ४८ ची पाटी स्वतःच्या पायावर उभी राहण्याइतकी कडक असते, तेवढी पुरे.

चौकटींसाठी आमच्या ओळखीचे मिस्त्री आले. त्यांनी पाइनच्या चार इंची पट्ट्या आणल्या आणि मी वहीतला आकडा वाचून दाखवला.

"साहेब, एमेम नको. सूत सांगा."

इथे जरा घोळ होता. दुकानदार ज्या पाटीला 'दोन बाय चार' म्हणतो ती दोन बाय चार नसते. ६०० मिलिमीटर म्हणजे २३ इंच ५ सूत (इंचाचे आठ सूत). पुऱ्या दोन फुटांची चौकट केली तर कडेला तीन सुतांची फट पडते आणि उभं टांगल्यावर पाटी हळूहळू खाली बसते. मिस्त्रींनी एक पाटी हातात घेऊन दाबून पाहिली, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, "आतून साडेतेवीस करतो. एक सूत दाबून बसंल, हलायची नाय." तसंच झालं. मागून आडव्या दोन पट्ट्या मारल्या, त्यावर पाट्या दाबून बसवल्या, खिळा नाही की गोंद नाही. अशा दहा चौकटी.

टांगण्यासाठी त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. एक फळी लांबीत ४५ अंशांत चिरायची. अर्धी भिंतीवर, धार वरच्या बाजूला ठेवून. अर्धी चौकटीच्या मागे, धार खाली. चौकट वरून सोडली की एक धार दुसरीत जाऊन बसते आणि स्वतःच्या वजनाने घट्ट होते. उचलली की निघते. भिंतीवरच्या पट्टीखाली ठोकळे दिले की मागे पोकळीही आपोआप मिळते. आमच्या भिंतींचं प्लास्टर बिल्डरने देवाच्या भरवशावर केलेलं, ड्रिल लावलं की वाळू गळायची. तेव्हा एकेका चौकटीला चार भोकांऐवजी एका पट्टीत सगळं भागणं ही मोठीच सोय होती.

कापड निवडायची परीक्षा एकच : तोंडाला लावून फुंकर मारायची. हवा सहज पलीकडे गेली तर आवाजही जाईल. रेक्झिन, पडद्यांचं मागून लेप दिलेलं कापड, हे बाद. मी आत पातळ नॉन-वोव्हन आणि वर खादी लावली. नॉन-वोव्हन अशासाठी की रॉकवूलचे तंतू बाहेर गळू नयेत. हे तंतू अंगाला लागले की जी खाज सुटते ती खाजकुयलीची आठवण करून देते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क, चष्मा आणि बाल्कनीत काम. संपल्यावर आधी थंड पाण्याने अंघोळ. "कॅन्सर होतो म्हणे याने," असं मला सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी सांगितलं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००१ साली इन्सुलेशनच्या या वूलची फेरतपासणी करून ते 'वर्गीकरण करता येत नाही' या गटात ठेवलं; संशयितांच्या आधीच्या गटातून ते खाली आलं. खाज मात्र शंभर टक्के खरी.

जागा ठरवताना कोपऱ्यांना पहिला मान. खालच्या सुरांचा दाब कोपऱ्यात सगळ्यात जास्त असतो, आणि तिरकं पॅनेल लावलं की मागे तिकोनी पोकळी आयतीच मिळते. समोरच्या दोन्ही कोपऱ्यांत दोन-दोन पॅनेलं एकावर एक तिरकी उभी केली आणि मागची पोकळी ग्लासवूलने भरून टाकली. मागच्या एका कोपऱ्यात दरवाजा, तिथे काही करता येत नाही. दुसऱ्यात दिवाळी अंकांचं कपाट आहे. ते हलवायचा प्रस्ताव मी मांडला नाही, कारण मंजूर झाला नसता.

बाजूच्या भिंतींवरची जागा आरशाने सापडते. मी ऐकायच्या खुर्चीत, म्हणजे समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर बसलो, आणि मुलगा भिंतीला लावून हातआरसा सरकवत गेला. जिथे मला आरशात स्पीकर दिसला तिथे खडूची खूण. स्पीकरचा आवाज तिथूनच आपटून कानावर येतो, मूळ आवाजाच्या काही मिलिसेकंद मागोमाग. दोन्ही बाजूंना एकेक पॅनेल तिथे टांगलं.

हाच प्रकार छताला करायचा तर मध्ये पंखा. परदेशी व्हिडिओंत छतावर ढगासारखं पॅनेल तरंगताना दिसतं, पण त्या लोकांच्या खोलीत छताचा पंखा नसतो. माझ्या डोक्यावरची नेमकी तीच जागा. पॅनेल पात्यांच्या वर घेतलं तर पंख्याला हवा मिळत नाही, खाली घेतलं तर डोक्याला लागतं. शेवटी पंखाच उतरवला. बायको म्हणाली, "मे महिन्यात इथे बसणार कोण?" मी म्हटलं, "मीच." "मग ठीक आहे." भिंतीवरचा छोटा पंखा बसवला, टेक चालू असताना तसाही तो बंदच असतो. स्लॅबमध्ये अँकर फास्टनर ठोकून दोन पॅनेलं साखळ्यांवर चार इंच खाली सोडली. डोक्यावर टांगायच्या वस्तूला प्लास्टिकचा गट्टू आणि स्क्रू चालत नाही, इथे काटकसर करू नये.

सगळ्यात मोठी कमाई झाली ती माळ्यावर. मागच्या भिंतीला, वर, दहा फूट लांब आणि दोन फूट खोल माळा आहे. त्यात कापसाच्या गाद्या, गोधड्या, जुन्या रजया. पुढे सनमायकाची झाकणं, म्हणजे आवाजाला गुळगुळीत भिंतच. दोन फूट खोलीचं शोषण बाजारात विकत घ्यायचं तर किती खर्च येईल आणि किती जागा जाईल याचा हिशेब केला आणि झाकणं काढून टाकली. त्या जागी खादी ताणलेल्या हलक्या चौकटी बसवल्या, आत गाद्या उभ्या आडव्या रचल्या, उरलेल्या फटींत गोधड्या. आईची अट एकच होती, पाहुणे आले की गाद्या खाली यायला हव्यात. गणपतीत त्या खाली आल्या, तेव्हा मी संधी साधून रिकाम्या माळ्याचंही मोजमाप घेतलं. ९४ आणि ११९ दोन्हीकडची शेपटी पुन्हा लांबलेली दिसली. गाद्या वर गेल्या, शेपटी आखडली.

गाद्यांनी खोली मोजणं हे काही माझं डोकं नव्हे. हे सगळं शास्त्रच गादीवरून सुरू झालं. १८९५ साली हार्वर्डमध्ये फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधलं आणि त्यात बोललेलं काही कळेना. शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. तो रात्री सगळं शांत झाल्यावर जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या आणून हॉलमध्ये टाकायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. त्यातून निघालेलं सूत्र आजही चालतं. फुटांत मांडायचं तर खोलीचं घनफळ गुणिले ०.०४९, भागिले खोलीतलं एकूण शोषण. माझी खोली ११४० घनफूट, म्हणजे वरचा आकडा ५६. रिकाम्या खोलीत आवाज एक सेकंद घुमत होता, तेव्हा शोषण ५६ चौरस फुटांइतकं. दहा पॅनेलं कडा धरून प्रत्येकी साधारण १० ची, म्हणजे १००. माळ्याचं तोंड २०. वर खुर्ची, पुस्तकं आणि मी. बेरीज १८० च्या आसपास, आणि घुमण्याचा काळ ०.३ सेकंद. मोजला तेव्हा जवळपास तेवढाच निघाला. हा हिशेब मधल्या आणि वरच्या सुरांचा. एवढ्याशा खोलीत खालच्या सुरांना हे सूत्र नीट लागू पडत नाही.

उरलेली दोन पॅनेलं मागच्या भिंतीवर, माळ्याखाली. ती लावल्यावर एक दिवस वाचायला बसलो तर आवाज उशीत तोंड खुपसल्यासारखा. खालचे सूर आटोक्यात आलेले, पण वरचे फार खाल्ले गेले होते. मिस्त्रींना परत बोलावलं आणि मागच्या दोन्ही पॅनेलांवर दीड इंची लाकडी पट्ट्या मारून घेतल्या, मधली अंतरं मुद्दाम कमीजास्त ठेवून. लांब लाटा पट्ट्यांना जुमानत नाहीत, आत जातात. आखूड लाटा लाकडावर आपटून परत येतात. खोलीत पुन्हा थोडा जीव आला. जमिनीवर गालिचा टाकलाच नाही. टाइल्स उघड्या, वाजवताना फक्त वादकाच्या बैठकीपुरती सतरंजी. तबल्याला खालून थोडा कडक पृष्ठभाग मिळाला की 'ना' खुलतो, असं आमच्या वादकाचं मत आहे आणि माझ्या कानांचंही.

वाचताना मी आता समोरच्या कोपऱ्यातल्या तिरक्या पॅनेलकडे पाठ करून बसतो. पुष्कळ जण पॅनेलकडे तोंड करतात. पण कार्डिऑइड माइक पुढचं ऐकतो, म्हणजे मला आणि माझ्या मागे जे असेल त्याला. तेव्हा जाड माल पाठीमागे हवा.

पावसाळ्याची धास्ती होती. डोंबिवलीत जुलैमध्ये पापडसुद्धा सादळतात आणि खिडकीकडच्या भिंतीला ओल येते. रॉकवूल पाणी फारसं धरत नाही, पण खादी आणि पाइन धरतात. मागे पोकळी असल्यामुळे हवा फिरते. तरी पॅनेलं उतरवून मागून पाहायची, बुरशीचा ठिपका दिसला तर गॅलरीत उन्हात ठेवायची, हे चालूच असतं. मिस्त्रींच्या तिरक्या पट्टीचं मोल तेव्हा कळतं. कोपऱ्यातलं ग्लासवूल तेवढं काढायला जिकिरीचं.

काम झाल्यावरच्या मोजणीत ११५ चा डोंगर ९ वरून ४ डेसिबलवर आला होता आणि त्याचं घुमणं निम्म्यावर. घिस्सा आता चढताना तिथे किंचित रेंगाळतो, फुगत नाही, आणि गाडीत ऐकलेला डग्गा घरातल्या डग्ग्यासारखा वाटतो. ५७ चा खड्डा उथळ झाला, बुजला नाही. तिथे ईक्यूने, म्हणजे ठरावीक सूर कमीजास्त करायच्या सोयीने, आवाज वाढवून उपयोग नसतो. जितकं वाढवाल तितकं भिंतीवरून परत येऊन खोडलं जातं, आणि स्पीकर मात्र उगाच राबतो. तेवढ्या पट्ट्यासाठी मी हेडफोन लावतो.